पिनचा वेग: किती मिळतो, किती लागतो आणि किती ठेवावा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पाच्या दिवसांत पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपचा तो सुपरिचित निळा बोर्ड आणतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रयोग बहुधा ठरलेला असतो. आधी बोर्डावरचा एलईडी लुकलुकवायचा आणि मग तोच एलईडी शक्य तितक्या वेगाने चालू-बंद करून चिप किती वेगवान आहे ते स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पाहायचे. हा प्रयोग मुळातच चुकीच्या पिनवर केला जातो, कारण तो एलईडी पीसी१३ या पिनला जोडलेला असतो. डेटाशीटमध्ये या पिनवर ३ मिलिअँपिअर प्रवाह आणि ३० पिकोफॅरड भारावर (पिनला जोडलेल्या कपॅसिटन्सवर) २ मेगाहर्ट्झ एवढीच मर्यादा घातलेली आहे, कारण चिपच्या आत या पिनला वीज एका लहानशा स्विचमधून मिळते. त्या पिनवरून चिपच्या वेगाबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष धरता येत नाही. मापनासाठी पीए१ किंवा पीबी० अशी साधी पिन निवडावी.

याच चिपच्या कागदपत्रांत आणखी दोन आकडे आहेत. पिनच्या वेगाची सेटिंग २, १० किंवा ५० मेगाहर्ट्झ ठेवता येते, आणि प्रोग्रॅमने पिन जास्तीत जास्त १८ मेगाहर्ट्झने उलटसुलट करता येते. ५० ची सेटिंग असताना १८ च का, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि या लेखाचा सारा गाभा त्याच्या उत्तरात आहे. हे दोन निरनिराळे वेग आहेत. पहिला वेग कोडचा आणि बसचा (चिपच्या आतल्या डेटाच्या वाटेचा): प्रोसेसरने आज्ञा दिल्यापासून पिनची अवस्था क्लॉकच्या किती ठोक्यांत बदलते आणि लगोलग पुन्हा कधी बदलू शकते. दुसरा वेग कडेचा: अवस्था बदलताना व्होल्टेज शून्यावरून ३.३ व्होल्टपर्यंत किती नॅनोसेकंदांत चढते. पहिला वेग क्लॉक आणि आज्ञांवर ठरतो, तर दुसरा पिनमागच्या ट्रान्झिस्टरांच्या ताकदीवर आणि पिनवर टांगलेल्या भारावर. सेकंदाला एकदाच लुकलुकणाऱ्या एलईडीची कडसुद्धा ५ नॅनोसेकंदांची असू शकते, आणि जो उपद्रव होतो तो त्या कडेमुळे होतो, लुकलुकण्याच्या वारंवारतेमुळे नव्हे.

पहिली पायरी: समोरच्या भागाला काय हवे ते लिहून काढणे

कोड लिहिण्याआधी प्रत्येक आउटपुट पिनसमोर दोन आकडे लिहावेत: सर्वांत अरुंद पल्स किती रुंद हवा, आणि कड किती वेळात पूर्ण झाली तर चालेल. रिले किंवा दर्शक दिवा असेल तर मिलिसेकंदही पुरतात आणि तिथे विचार करत बसण्याचे कारण नाही. अल्ट्रासॉनिक अंतरमापकाच्या ट्रिगरला १० मायक्रोसेकंदांचा पल्स लागतो. स्टेपर मोटरच्या ए४९८८ ड्रायव्हरला स्टेप पल्स किमान १ मायक्रोसेकंद वर आणि १ मायक्रोसेकंद खाली हवा असतो, डीआरव्ही८८२५ ला किमान १.९ मायक्रोसेकंद. गणेशोत्सवाच्या सजावटीत आता सर्रास दिसणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडी पट्टीत एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा असतो. त्यात पिन ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य आणि ०.८ मायक्रोसेकंद राहिली तर एक, आणि चुकीला मुभा दीडशे नॅनोसेकंदांची.

इनपुटचेही असेच गणित मांडावे. मोटरच्या दांड्यावर फेरीला ६०० पल्स देणारा एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) असेल आणि मोटर मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला ५० फेऱ्या होतात आणि दोन्ही वाहिन्यांच्या सगळ्या कडा मोजल्यास सेकंदाला १,२०,००० कडा येतात. म्हणजे दर ८.३ मायक्रोसेकंदांना एक. एवढ्या वेळात इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून करायच्या तातडीच्या कामात) शिरणे, मोजणे आणि बाहेर येणे एखाद्या १६ मेगाहर्ट्झच्या चिपला १३३ ठोक्यांत उरकावे लागेल. ते अशक्य नाही, पण दुसरे कोणतेही काम करायला वाव राहत नाही. हा आकडा कागदावर आधी दिसला की चिपची निवड करतानाच एन्कोडर मोजणारा टायमर असलेली चिप घेतली जाते, आणि बोर्ड तयार झाल्यावर डोके धरून बसावे लागत नाही.

दुसरी पायरी: कोडचा वेग ठोक्यांत मोजणे

अर्दुइनो उनोवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. अर्दुइनोचे ‘डिजिटलराइट’ हे फंक्शन पिनचा क्रमांक घेऊन तक्त्यातून तिचे पोर्ट (पिनांचा गट) आणि बिट शोधते, त्या पिनवर पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी कमी-जास्त करण्याची पद्धत) चालू आहे का ते तपासते, इंटरप्ट थांबवते, बिट बदलते आणि इंटरप्टची स्थिती पूर्ववत करते. या सगळ्याला ढोबळमानाने ३ ते ५ मायक्रोसेकंद लागतात. हे फंक्शन वाईट नाही. कोणतीही पिन, कोणताही बोर्ड, तोच कोड ही त्याची सोय फार मोलाची आहे आणि रिले चालवणाऱ्याने ती सोडू नये. पण डब्ल्यूएस२८१२बी चा अख्खा बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा आहे, तेव्हा तिथे हे फंक्शन उपयोगाचे नाही हे भागाकार न करताही दिसते.

तेच काम पोर्टच्या रजिस्टरवर (पिना चालवणाऱ्या चिपमधल्या स्मृतीखान्यावर) थेट केले, आणि पोर्ट व बिट दोन्ही कोडमध्ये स्थिर लिहिले, तर कंपायलर त्याची एकच एसबीआय आज्ञा बनवतो. तिला २ ठोके लागतात. पिन वर करणे २ ठोके, खाली करणे २ ठोके आणि लूपच्या सुरुवातीला परतण्याची उडी २ ठोके, असे मिळून ६ ठोक्यांत एक आवर्तन होते आणि स्कोपवर सुमारे २.६७ मेगाहर्ट्झ दिसतात. तरंग मात्र समसमान नसतो: वर १२५ नॅनोसेकंद, खाली २५०, कारण उडीचा वेळ खालच्या अर्ध्यात जातो. समान तरंग हवा असेल तर याच चिपची एक सोय वापरावी, ती अशी की इनपुट वाचण्याच्या पिन-रजिस्टरमध्ये १ लिहिले की आउटपुटची अवस्था उलटते. मग लूपमध्ये एसबीआय आणि उडी मिळून ४ ठोके, दोन फेऱ्यांत एक आवर्तन, म्हणजे नेमके २ मेगाहर्ट्झ आणि दोन्ही अर्धे सारखे.

हा प्रयोग करताना स्कोपवर तरंग दर मिलिसेकंदाला किंचित अडखळलेला दिसतो. अर्दुइनोची वेळ मोजण्यासाठी टायमर-शून्य दर १.०२४ मिलिसेकंदांनी इंटरप्ट देतो आणि तेवढे काही मायक्रोसेकंद लूप थांबतो. सरासरी वारंवारतेच्या आकड्यात ही अडखळ दिसत नाही, म्हणून केवळ फ्रीक्वेन्सी मीटरवर विसंबून राहू नये. ज्याला दीडशे नॅनोसेकंदांचीच मुभा आहे त्याच्यासाठी सरासरीला अर्थ नाही. सर्वांत वाईट पल्स किती बिघडतो तेवढेच पाहायचे.

तिसरी पायरी: थेट रजिस्टर, पण सावधपणे

वेगासाठी थेट रजिस्टरवर लिहू लागल्यावर एक जुनी चूक हटकून होते. आउटपुट रजिस्टर वाचायचे, त्यात एक बिट बदलायचा आणि परत लिहायचे, या तीन कृतींच्या मध्येच इंटरप्ट आला आणि त्याने त्याच पोर्टची दुसरी पिन बदलली, तर परत आल्यावर आपण जुनी स्थिती लिहितो आणि इंटरप्टने केलेला बदल पुसला जातो. दिवसातून एकदा घडणारा असा दोष शोधणे फार कठीण असते. एसटीएम३२ मध्ये यासाठीच बीएसआरआर हे रजिस्टर दिले आहे. त्याच्या खालच्या १६ बिटांत लिहिलेला १ पिन वर नेतो, वरच्या १६ बिटांतला १ पिन खाली आणतो आणि शून्य असलेल्या पिनांना धक्का लागत नाही. वाचावे लागत नाही, म्हणून एकाच लिखाणात काम सुरक्षितपणे होते. ईएसपी३२ आणि आरपी२०४० या चिपांमध्येही वर नेण्याची आणि खाली आणण्याची वेगळी रजिस्टरे आहेत. ज्या चिपमध्ये अशी सोय आहे तिथे आउटपुट रजिस्टरवर वाचून-बदलून लिहिण्याची सवय मोडावी, हा माझा आग्रह आहे.

उलट बाजूचा धोका असा की कोड गरजेपेक्षा वेगवान होतो. उनोवर ‘डिजिटलराइट’ने स्टेपर मोटर नीट चालत असते, कारण वर आणि खाली करण्याच्या दोन हाकांमध्ये आपोआप ३ ते ५ मायक्रोसेकंद जातात आणि ए४९८८ ची १ मायक्रोसेकंदाची अट नकळत पाळली जाते. तोच कोड ७२ मेगाहर्ट्झच्या चिपवर नेऊन बीएसआरआरने लिहिला की पल्स काही दहा नॅनोसेकंदांचा होतो, ड्रायव्हर तो कधी पकडतो, कधी सोडतो, आणि मोटर पावले चुकवू लागते. मग प्रवाहाचा प्रीसेट फिरवला जातो, पट्टा घट्ट केला जातो, आणि खरे कारण दोन ओळींमध्ये न ठेवलेल्या विलंबात असते. असा विलंब रिकाम्या लूपने करू नये, कारण कंपायलरची ऑप्टिमायझेशन पातळी बदलताच तो बदलतो किंवा नाहीसाच होतो. ठोके मोजणारा काउंटर किंवा टायमर वापरावा.

चौथी पायरी: जिथे नेमकेपणा हवा तिथे हार्डवेअरला काम देणे

कोडने पिन हलवण्याची शर्यत बहुतेक ठिकाणी लढण्याचे कारणच नसते. त्याच एटीमेगा३२८पी मध्ये टायमर-एकला तुलना होताच पिन उलटवण्याच्या स्थितीत ठेवले आणि तुलनेचे रजिस्टर शून्य केले, तर उनोच्या ९ क्रमांकाच्या पिनवर ८ मेगाहर्ट्झचा स्थिर चौरस तरंग मिळतो आणि प्रोसेसर पूर्ण मोकळा राहतो. एन्कोडरचे वर केलेले गणित एसटीएम३२ चा टायमर एन्कोडर स्थितीत स्वतःच सोडवतो. ईएसपी३२ मध्ये आरएमटी नावाचा भाग पल्सच्या रुंदींची यादी घेऊन ती अचूक वाजवतो. आरपी२०४० मधली पीआयओ यंत्रणा याहून पुढची आहे: प्रत्येक आज्ञा नेमका एकच ठोका घेते, त्यामुळे डब्ल्यूएस२८१२बी चा तरंग चार-पाच आज्ञांच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बसतो आणि मुख्य प्रोसेसरवर काहीही चालले तरी त्याची वेळ हलत नाही.

उनोवर हीच पट्टी चालवायची असेल तर एका बिटाला २० ठोके मिळतात. तेवढ्यात काम होते, पण डेटा जाईपर्यंत लायब्ररीला इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. एका एलईडीचे २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद; मीटरला ६० एलईडी असलेली ५ मीटरची पट्टी म्हणजे ३०० एलईडी आणि ९ मिलिसेकंद. या ९ मिलिसेकंदांत टायमर-शून्य आठ-नऊ वेळा भरून वाहतो, त्यांतला एकच प्रसंग लक्षात राहतो आणि बाकीचे हरवतात. मंडळाच्या आरासीत दिवे ठरलेल्या वेळी बदलत नाहीत, गाण्याच्या मागे पडतात, त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

पाचवी पायरी: कड किती तीक्ष्ण ठेवायची

आता दुसऱ्या वेगाकडे वळू, कारण खरे नुकसान इथे होते आणि शिकवताना याच भागावर सर्वांत कमी वेळ दिला जातो.

एसटीएम३२एफ१०३ च्या डेटाशीटनुसार २ मेगाहर्ट्झच्या सेटिंगला ५० पिकोफॅरड भारावर कड पूर्ण व्हायला जास्तीत जास्त १२५ नॅनोसेकंद लागतात, १० मेगाहर्ट्झला २५, आणि ५० मेगाहर्ट्झला ३० पिकोफॅरडवर ५ व ५० पिकोफॅरडवर ८. म्हणजे या सेटिंगने पिन उलटण्याचा कोडचा वेग वाढत नाही, ती फक्त कडेचा उतार ठरवते. आता प्रवाहाचे गणित करू. भाराचा कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजमधला बदल भागिले वेळ: ५० पिकोफॅरडला ३.३ व्होल्टपर्यंत ५ नॅनोसेकंदांत चढवायला ३३ मिलिअँपिअर लागतात, १२५ नॅनोसेकंदांत चढवायला जेमतेम १.३. एका पोर्टच्या आठ पिना एकदम बदलल्या तर पहिल्या स्थितीत क्षणभर २६४ मिलिअँपिअरचा झटका ग्राउंडच्या वाटेने जातो. चिपच्या पायाचा आणि आतल्या तारेचा मिळून ५ नॅनोहेन्रीच इंडक्टन्स धरला आणि हा प्रवाह अडीच नॅनोसेकंदांत वाढला असे मानले, तर चिपचे स्वतःचे ग्राउंड अर्ध्या व्होल्टने उसळते. ज्या पिनांना आपण स्थिर समजतो त्याही तेवढ्याने हलतात, आणि एडीसीने (व्होल्टेज आकड्यात मोजणाऱ्या भागाने) याच क्षणी वाचन घेतले तर त्याचे आकडे उड्या मारतात.

भोसरीतल्या एका कारखान्यासाठी मी नगमोजणीचा एक लहान पॅनेल केला होता. सात-खंडी आकड्यांचा फलक नियंत्रकापासून फुटभर लांब होता आणि त्याला ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरांना (क्लॉकच्या प्रत्येक कडेला एक बिट पुढे सरकवणाऱ्या चिपांना) जाणारी रिबन केबल जोडली होती. टेबलावर सगळे नीट चालले. यंत्रावर बसवल्यावर आकडे मधूनच एक घर सरकून दिसू लागले. मी आधी वीजपुरवठ्यावर संशय घेतला, कपॅसिटर वाढवले, केबल बदलली, आणि शिफ्टचे क्लॉक ५०० किलोहर्ट्झवरून १०० वर आणले. काही फरक पडला नाही, आणि तिथेच मला उमगायला हवे होते: क्लॉक मंद करूनही दोष जात नसेल तर तो वारंवारतेत नसून कडेत आहे. इंटरनेटवरून उचललेल्या नमुना कोडमध्ये वेगाची सेटिंग ५० मेगाहर्ट्झ होती. त्या तीक्ष्ण कडेमुळे केबलमध्ये तरंग परतून येत होता, क्लॉकची एकच कड पातळीच्या खाली-वर होत होती आणि शिफ्ट रजिस्टर ती दोनदा मोजत होते. सेटिंग २ मेगाहर्ट्झ केल्यावर दोष गेला आणि क्लॉक पुन्हा ५०० किलोहर्ट्झ करूनही तो परतला नाही. दोन दिवस गेले, पण तेव्हापासून कोणत्याही नव्या बोर्डावर मी सर्वांत मंद सेटिंगपासून सुरुवात करतो.

निवडीसाठी मी एक साधा नियम पाळतो: कडेचा वेळ हा सिग्नलच्या आवर्तनकाळाच्या दहाव्या भागापर्यंत चालतो, त्याहून तीक्ष्ण कड घेऊ नये. १२५ नॅनोसेकंदांची कड ८०० किलोहर्ट्झपर्यंत पुरते, २५ नॅनोसेकंदांची ४ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि त्यावरच्या एसपीआयसारख्या (चिपांमधल्या वेगवान जोडणीच्या) सिग्नललाच सर्वांत वेगवान सेटिंग द्यावी. एसटीएम३२एफ४ मालिकेत वेगाच्या ओस्पीडर रजिस्टरात चार पातळ्या आहेत. तिथे वरच्या दोन पातळ्या वापरताना कॉम्पेन्सेशन सेल (कडेचा परिणाम सावरणारा चिपमधला भाग) चालू करण्याची शिफारस रेफरन्स मॅन्युअल करते. आरपी२०४० मध्ये मंद आणि वेगवान असा एक बिट आणि २, ४, ८, १२ मिलिअँपिअर अशी प्रवाहाची निवड आहे, आणि रीसेटनंतर मंद कड व ४ मिलिअँपिअर हीच स्थिती असते. एटीमेगा३२८पी मध्ये अशी सेटिंगच नाही, तिथे उपाय बाहेर करावा लागतो, तो पुढे येईल.

विद्युतचुंबकीय उपद्रवाची बाजूही इथेच ठरते. चौरस तरंगातल्या वरच्या वारंवारता एका मर्यादेपर्यंत हळू आणि तिच्यापुढे झपाट्याने कमी होतात, आणि ती मर्यादा कडेचा वेळ गुणिले पाय यांच्या व्यस्ताइतकी असते. १२५ नॅनोसेकंदांच्या कडेसाठी ती अडीच मेगाहर्ट्झच्या आसपास येते, ५ नॅनोसेकंदांच्या कडेसाठी ६४ च्या आसपास. म्हणजे दुसऱ्या स्थितीत एफएमच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही बरीच ऊर्जा उरते. वाहनांसाठी सुटे भाग करणाऱ्या चाकण-पिंपरीच्या उद्योगांना हे वेगळे सांगायला नको, कारण वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या ठिकाणी चाचणीला उभे राहिल्यावर हीच शिखरे आलेखावर दिसतात आणि तोवर बोर्डाची रचना बदलणे महाग झालेले असते. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. शेकडो मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत अंतराळातून येणारा अतिशय क्षीण संकेत ती ऐकते, आणि रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा म्हणून तो परिसर निवडला गेला. आपल्या हातातल्या बोर्डाने विनाकारण किती आवाज करावा याचा विचार करताना मला ती दुर्बीण आठवते.

सहावी पायरी: केबलवर एकसर रेझिस्टर

छापील बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर जातो. कडेच्या वेळाच्या सहाव्या भागात जेवढे अंतर कापले जाते, त्याहून वाट लांब असेल तर परतणाऱ्या तरंगाची काळजी घ्यावी: ५ नॅनोसेकंदांच्या कडेसाठी ते अंतर साडेबारा सेंटिमीटर येते. अशा वाटेवर, चिपच्या पिनला अगदी लागून, २२ ते ४७ ओहमचा एकसर रेझिस्टर टाकावा, म्हणजे पिनचा स्वतःचा २५-५० ओहम आणि हा मिळून वाटेच्या प्रतिबाधेच्या जवळ जातात. तो केबलच्या दुसऱ्या टोकाला टाकून उपयोग होत नाही. वेगाची सेटिंग नसलेल्या चिपवर कडच मंद करायची असेल तर ३३० ओहम टाकावा. ५० पिकोफॅरड भारावर कड सुमारे ३६ नॅनोसेकंदांची होते. रिबन केबलमध्ये सिग्नलच्या तारांमध्ये एकाआड एक ग्राउंड द्यावा. तारा वाढतात खऱ्या, पण ही काटकसर करण्याची जागा नाही.

सातवी पायरी: कड मोजताना मापनयंत्राची चूक ओळखणे

कड मोजण्यासाठी २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर कामाचा नाही. तो दर ४२ नॅनोसेकंदांनी फक्त वर की खाली एवढेच पाहतो. स्कोपचाही स्वतःचा कडेचा वेळ असतो, ०.३५ भागिले त्याची बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप ३.५ नॅनोसेकंद आपल्या पदरचे घालतो, आणि दोन्ही वेळांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ पडद्यावर दिसते, म्हणून ५ नॅनोसेकंदांची कड ६.१ दिसते. २० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर तीच कड १८ नॅनोसेकंदांची दिसते आणि आपला बोर्ड सौम्य आहे असा खोटा दिलासा मिळतो. प्रोब दहापटीच्या स्थितीत ठेवावा. एकपटीच्या स्थितीत त्याची बँडविड्थ काही मेगाहर्ट्झवर येते आणि त्याचा भारही वाढतो.

प्रोबची ग्राउंडची लांब तार हा नेहमीचा घात आहे. १५ सेंटिमीटर तारेचे साधारण १५० नॅनोहेन्री आणि प्रोबचे १० पिकोफॅरड मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास घुमू लागतात, आणि सिग्नलमध्ये नसलेले हेलकावे पडद्यावर दिसतात. तार काढून प्रोबच्या टोकाची स्प्रिंग जवळच्या ग्राउंडला टेकवावी आणि मगच दिसणाऱ्या हेलकाव्यांवर उपाय शोधावा.

आठवी पायरी: जिथे पिन नव्हे, पुढचा भाग मंद असतो

आयटूसी या दोन तारांच्या जोडणीत चिप तारा फक्त खाली ओढते. वर नेण्याचे काम पुल-अप रेझिस्टरचे. म्हणून तिथे वेगाची सेटिंग वाढवून चढती कड सुधारत नाही. ४०० किलोहर्ट्झसाठी चढायला जास्तीत जास्त ३०० नॅनोसेकंद मान्य आहेत. तारांचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड आणि पुल-अप ४.७ किलोओहम असेल तर सुमारे ४०० नॅनोसेकंद लागतात आणि अट मोडते, २.२ किलोओहम घातल्यास १८६ पुरतात. ३.३ व्होल्टवरून ५ व्होल्टकडे नेणाऱ्या बीएसएस१३८ च्या छोट्या बोर्डांवर १० किलोओहमचे पुल-अप असतात. मंद गतीच्या आयटूसीला ते ठीक आहेत, पण डब्ल्यूएस२८१२बी चा ०.४ मायक्रोसेकंदांचा पल्स ओळखण्याच्या पातळीला पोहोचेपर्यंत संपत आलेला असतो. तिथे ७४एएचसीटी१२५ सारखा बफर घ्यावा. रिले बोर्डावर दिसणारा पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) काही मायक्रोसेकंद घेतो आणि मोठ्या रेझिस्टरसह आणखी मंद होतो. वेगवान सिग्नल विलग करायचा असेल तर १० मेगाबिटचा ६एन१३७ आहे.

मॉसफेटच्या (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) बाबतीत मात्र मंद कड थेट उष्णतेत दिसते. आयआरएलझेड४४एनच्या गेटला ५ व्होल्टवर ४८ नॅनोकूलंबपर्यंत विद्युतभार द्यावा लागतो आणि पिनमधून २० मिलिअँपिअरने तो द्यायला २.४ मायक्रोसेकंद लागतात. १२ व्होल्ट, ५ अँपिअरची मोटर २० किलोहर्ट्झवर चालवताना प्रत्येक बदल २ मायक्रोसेकंद चालला तर केवळ बदलण्यात २.४ वॅट जातात, १०० नॅनोसेकंदांत झाला तर ०.१२ वॅट. मधे टीसी४४२७ सारखा दीड अँपिअरचा गेट ड्रायव्हर घातल्यावर हीटसिंकची गरज बऱ्याचदा उरत नाही. सिग्नलची कड मंद ठेवावी आणि शक्तीची कड वेगवान, हे परस्परविरोधी वाटते, पण दोन्हीकडे निकष तोच आहे, समोरच्या भागाची गरज.

शेवटची पायरी: नोंद आणि खरी चाचणी

प्रत्येक पिनची वेगाची सेटिंग, तिचे कारण आणि मोजलेला कडेचा वेळ इनिशियलायझेशनच्या फाइलमध्ये त्या ओळीशेजारीच टिप्पणी म्हणून लिहावा. सहा महिन्यांनी दुसरा कोणी सगळ्या पिना सर्वांत वेगवान करून ठेवतो तो अज्ञानाने नव्हे, तर मंद सेटिंगमागचे कारण कुठे लिहिलेले नसते म्हणून. मग चाचणी प्रत्यक्ष जागेवरच्या केबलने घ्यावी, टेबलावरच्या वीतभर तारांनी नव्हे. कॉन्टॅक्टर आणि मोटर चालू-बंद होत असताना घ्यावी. आणि आठही आउटपुट एकदम उलटवणारा एक लहान प्रोग्रॅम चालवून त्याच वेळी एडीसीचे हजारभर वाचन साठवावे. त्या वाचनांचा पसारा आउटपुट स्थिर असतानाच्या पसाऱ्याइतकाच आला, की त्या सेटिंग कायम कराव्यात.